पिवळी रेघ डाव्या हाताला

लेकाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेत पोहोचल्यावर विमानतळाबाहेर गाडी उभी असते. सामान मागे ठेवून होते आणि आपण सवयीने पुढच्या डाव्या दाराकडे जाता. दार उघडता तो समोर स्टीअरिंग. ‘बाबा, तुम्हीच चालवता का मग?’ असे कोणीतरी म्हणते, सगळे हसतात, आपणही हसता आणि गाडीला वळसा घालून उजवीकडे जाऊन बसता. पुढच्या दोन-तीन दिवसांत हाच प्रकार आणखी चार-पाच वेळा घडतो. तोवर हसण्याचे निमित्त संपलेले असते. पण जी सवय आपल्याला चुकीच्या दारापाशी घेऊन गेली, ती मात्र जागीच असते. तीच सवय रस्ता ओलांडताना आणि गाडी चालवतानाही आपल्या बरोबर असते. हा लेख त्या सवयीविषयी आहे.

जगातील सुमारे एक तृतीयांश लोक रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहन चालवणाऱ्या देशांत राहतात. भारत त्यांपैकी एक. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, जपान, दक्षिण आफ्रिका हेही डाव्या बाजूचे देश. मुले तिथे असतील तर या बाबतीत आपल्याला फारसे नवे शिकावे लागत नाही. परंतु अमेरिका, कॅनडा, जर्मनी, दुबई, मस्कत अशा ज्या ठिकाणी आपली मराठी मुले मोठ्या संख्येने स्थायिक झाली आहेत, तिथे वाहतूक उजव्या बाजूने चालते. तिथला रस्ता आरशात पाहिल्यासारखा उलटा असतो. आरशातले अक्षर वाचता येते, पण सहज वाचता येत नाही. थांबून, जुळवून घ्यावे लागते. हे जुळवणे वयाच्या तिशीत जितके लवकर होते तितके सत्तरीत होत नाही, यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र ते ठाऊक असणे आवश्यक आहे.

या सवयीने भल्याभल्यांना दगा दिला आहे. विन्स्टन चर्चिल १९३१च्या डिसेंबरमध्ये व्याख्यानांच्या निमित्ताने न्यूयॉर्कला गेले होते. १३ तारखेच्या रात्री फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर ते रस्त्याच्या मध्याजवळ टॅक्सीतून उतरले आणि पलीकडे जाण्यासाठी इंग्लंडमधल्या सवयीप्रमाणे डावीकडे पाहिले. मोटार उजवीकडून आली. धडक जोरात बसली. डोक्याला जखम झाली, काही दिवस रुग्णालयात काढावे लागले. तेव्हा त्यांचे वय ५७ होते. मोटारचालकाचा यात काही दोष नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितले आणि नंतर या अपघातावर लेखही लिहिला. आपल्या वाचकांनी यातील एक गोष्ट ध्यानात घ्यावी: ते गाडी चालवत नव्हते, पायी होते. परदेशातील उलट्या वाहतुकीचा विचार करताना आपण केवळ चालकाचा विचार करतो. ज्येष्ठांच्या बाबतीत पहिला धोका पायी चालणाऱ्यालाच असतो.

आधी डावीकडे

भारतात आपण पदपथावरून रस्त्यावर पाऊल टाकतो तेव्हा जवळची वाहने उजवीकडून येतात, म्हणून आपली मान आधी उजवीकडे वळते. मधोमध पोहोचल्यावर आपण डावीकडे पाहतो. अमेरिकेत हा क्रम उलटा. पहिले पाऊल टाकण्यापूर्वी डावीकडे, मध्यावर उजवीकडे. हे वाचायला सोपे आहे. परंतु लहानपणी आईचे बोट धरून शिकलेली ही गोष्ट बुद्धीत राहत नाही, ती मानेत आणि पायांत जाऊन बसलेली असते. लंडनमध्ये परदेशी पाहुण्यांसाठी कोणत्या बाजूस पाहावे हे रस्त्यावरच मोठ्या अक्षरांत लिहिलेले आढळते. अमेरिकेत अशी सूचना सहसा नसते.

येथे आरोग्याचा एक मुद्दा येतो, ज्याची चर्चा प्रवासाच्या तयारीत कधी होताना दिसत नाही. आपल्यापैकी अनेकांचे दोन्ही डोळे किंवा दोन्ही कान सारखे नसतात. एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, दुसऱ्याची व्हायची. एका डोळ्यात काचबिंदूने कडेची दृष्टी गेलेली. एका कानाला कमी ऐकू येणारे. डावा डोळा किंवा डावा कान अधू असलेला माणूस पुण्यात किंवा कोल्हापुरात वर्षानुवर्षे बिनधोक रस्ता ओलांडतो, कारण पहिली आणि सर्वांत जवळची गाडी त्याच्या चांगल्या बाजूने येत असते. आपल्यात काही उणीव आहे हे त्याला जाणवतही नाही. तोच माणूस अमेरिकेत रस्त्याच्या कडेला उभा राहिला की पहिली गाडी अधू बाजूने येते. पक्षाघातानंतर काहींची डाव्या बाजूची दृष्टी कमी होते, तर काहींचे त्या बाजूकडे लक्षच जात नाही. चालणे-बोलणे सुधारलेले असल्याने घरच्यांना ते उमगत नाही. मानेच्या स्पॉन्डिलोसिसमध्ये मान एका बाजूस कमी वळते, तिथेही हाच न्याय. म्हणून निघण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांकडे जाल तेव्हा केवळ चष्म्याचा नंबर तपासून परतू नका. दोन्ही डोळ्यांची कडेची दृष्टी स्वतंत्रपणे तपासून घ्या. डावी बाजू अधू असेल तर नुसती मान न वळवता खांद्यांसकट पूर्ण डावीकडे वळून पाहण्याचा सराव घरीच करावा, आणि बरोबर चालणाऱ्याने आपल्या डाव्या हातास राहावे.

सिग्नलवरही एक बारकावा आहे. चालणाऱ्या माणसाची पांढरी आकृती दिसली की ओलांडायचे, हाताचा पंजा दिसला की थांबायचे, एवढे सर्वांना कळते. पंजा लुकलुकत असेल आणि बाजूला आकडे उलटे मोजले जात असतील, तर त्याचा अर्थ ‘आता निघू नका’ असा आहे. आधी निघालेल्यांनी पलीकडे पोहोचण्यासाठी ती वेळ असते. हे सिग्नल साधारणपणे सेकंदाला साडेतीन फूट चालणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून बसवलेले असतात. गुडघे दुखत असतील, हातात काठी असेल, तर आपला वेग त्याहून कमी असतो. सिग्नल अर्धा संपलेला असताना धावपळीने निघू नये. पुढच्या सिग्नलची वाट पाहावी. घाई कोणालाच नसते, ती आपणच मनाला लावून घेतो.

अमेरिकेच्या बहुतेक भागांत लाल दिवा असतानाही चालकाला पूर्ण थांबून, वाहतूक पाहून उजवीकडे वळण्याची मुभा आहे (न्यूयॉर्क शहरात एरवी नाही). असा वळू पाहणारा चालक डावीकडे बघत असतो, कारण त्याला ज्या गाड्यांची भीती आहे त्या डावीकडून येणार असतात. आपण मात्र त्याच्या उजव्या हाताला उभे असतो. त्याची आणि आपली नजरानजर झाल्याशिवाय त्याच्या गाडीसमोर पाऊल टाकू नये, दिवा आपल्या बाजूचा असला तरीही.

उपनगरांत पुष्कळदा पदपथच नसतो. पहाटे फिरायला जाण्याची ज्यांची सवय सुटत नाही, त्यांनी समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे. अमेरिकेत ती रस्त्याची डावी कड होय. शाल, कोट, स्वेटर गडद रंगाचे असल्यास वरून फिकट रंगाचे काही घालावे.

गाडीतून उतरण्याची बाजूही बदलते. भारतात पदपथ डाव्या हाताला असतो, म्हणून मागच्या डाव्या दाराने उतरणे सुरक्षित. तिथे उजव्या दाराने. आजी-आजोबांना मागे बसवताना मुलांनी त्यांना उजव्या बाजूस बसवावे, म्हणजे प्रश्नच उरत नाही. आणि पुढे बसवले तर एक गंमत पाहायला मिळते. आयुष्यभर उजव्या हाताच्या जागेवर बसून गाडी चालवलेले गृहस्थ तिथेही उजव्याच जागेवर बसतात, समोर स्टीअरिंग नसते, आणि पुढची गाडी थांबली की त्यांचा उजवा पाय पायपुसण्यावर ब्रेक शोधत दाबला जातो.

स्वतः गाडी चालवायची का?

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. अमेरिकी उपनगरात किराणा दुकान, वाचनालय, मंदिर, डॉक्टर यांतले काहीही चालत जाण्याच्या अंतरावर नसते. मुले कामावर गेली की मोठ्या, नीटनेटक्या, नि:शब्द घरात दोन माणसे संध्याकाळपर्यंत एकमेकांकडे पाहत बसतात. भारतात जो माणूस रोज सकाळी भाजी आणतो, बँकेत जातो, त्याला दुधाच्या एका कॅनसाठी मुलाच्या सवडीची वाट पाहावी लागते. उदासी, चिडचिड, झोप न लागणे, ‘आम्हाला परत पाठवा’ हा धोशा, यांचे मूळ पुष्कळदा याच परावलंबनात असते. तेव्हा ‘बाबा, तुम्ही कशाला चालवता, आम्ही आहोत ना’ हे वाक्य कितीही प्रेमाने म्हटले तरी ऐकणाऱ्याला ते दार बंद झाल्यासारखे ऐकू येते.

तरीही माझे मत स्पष्ट आहे. मुक्काम सहा-आठ आठवड्यांचाच असेल आणि घरात दुसरा चालक असेल, तर स्वतः चालवू नये. हात जरा बसतो तोच परतीचा दिवस येतो. मुक्काम सहा महिन्यांचा असेल, प्रकृती ठीक असेल, भारतात अलीकडेपर्यंत नियमित गाडी चालवत असाल, तर शिकावे. मात्र ‘चाळीस वर्षे चालवतोय’ हा अनुभव भांडवल म्हणून न मिरवता.

तो अनुभवच येथे आड येतो. गाडी चालवण्याचे कौशल्य एकदा मुरले की ते जाणीवपूर्वक विचाराच्या कक्षेतून बाहेर पडते. म्हणून तर आपण गप्पा मारत गाडी चालवू शकतो. नवी बाजू मात्र प्रत्येक क्षणी लक्ष देऊन सांभाळावी लागते. जुनी सवय पुसली जात नाही, नवी तिच्यावर पातळ थरासारखी बसते. थकवा, घाई, बोलणे, फोन, अचानक दचकणे यांपैकी काहीही झाले की लक्ष सुटते आणि खालचा थर वर येतो. वयानुसार एकाच वेळी दोन-तीन गोष्टींवर लक्ष ठेवण्याची क्षमता कमी होते. त्यात दृष्टीची भर: साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो असे मानले जाते, आणि समोरच्या दिव्यांनी दिपलेली नजर पूर्ववत व्हायलाही अधिक वेळ लागतो. तेव्हा ज्येष्ठांनी परदेशात रात्रीचे चालवणे सरळ वर्ज्य करावे.

मी स्वतः चौसष्टाव्या वर्षी न्यू जर्सीत लेकीची गाडी चालवू लागले. आवश्यक ते परवाने आणि विमा पाहून झाला होता. पहिले पंधरा दिवस लेक शेजारी बसत असे आणि मी इतकी सावध असे की घरी आल्यावर खांदे दुखत. चूक एकही झाली नाही. एकोणिसाव्या दिवशी, रविवारी सकाळी सात वाजता, मी एकटी दूध आणायला गेले. परतताना दुकानाच्या आवारातून डावीकडे वळून रस्त्याला लागले, ती पुण्यात लागते तशी, थेट डाव्या बाजूला. रस्ता मोकळा होता. शंभरेक पावले मी निवांतपणे चुकीच्या बाजूने गेले. मग समोरून एक गाडी आली आणि क्षणभर मला त्या चालकाचाच राग आला. त्याने गाडी थांबवली, हॉर्न वाजवला, हाताने खूण केली. मी कडेला घेतली, आणि हात थरथरायचे थांबेपर्यंत तिथेच बसून राहिले. लेकीला हे मी त्या दिवशी सांगितले नाही. चार दिवसांनी सांगितले. त्या चार दिवसांत मी किल्लीला हात लावला नाही.

नंतर विचार करता लक्षात आले की गर्दीत चूक होत नाही. पुढे-मागे गाड्या असल्या की त्याच आपल्याला योग्य बाजूला ठेवतात. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर. दुकानाच्या, पेट्रोल पंपाच्या किंवा घराच्या आवारातून बाहेर पडताना. एकेरी रस्ता संपून दुहेरी सुरू होतो तिथे. आणि मुख्य म्हणजे भीती ओसरल्यानंतर. स्वीडन या देशाने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता संपूर्ण देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. रस्त्यावरची वाहने काही मिनिटे आधी थांबवून, पलीकडे घेऊन, पुन्हा थांबवण्यात आली आणि मग सोडण्यात आली. गोंधळ उडेल अशी सर्वांना धास्ती होती. प्रत्यक्षात सुरुवातीला अपघात कमी झाले, कारण प्रत्येक जण जपून चालवत होता. लोक सरावले तसे दोनेक वर्षांत ते पूर्वीच्या पातळीवर आले. म्हणून शेजारी बसणाऱ्या मुलांनी पहिल्या आठवड्यात आईवडिलांच्या चुका मोजून निष्कर्ष काढू नये. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातही शेजारी बसावे.

चालवताना मनाशी काय धरावे? मला दोन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली अशी की बाजू कोणतीही असो, चालकाचे आसन रस्त्याच्या मध्याकडे असते. भारतात आपण उजवीकडे बसतो आणि मध्यरेषा उजव्या हाताला असते. तिथे आपण डावीकडे बसतो आणि मध्यरेषा डाव्या हाताला. अमेरिका आणि कॅनडात दुहेरी रस्त्याच्या मधोमध पिवळी रेघ असते. ती आपल्या डाव्या हाताला दिसली पाहिजे. प्रत्येक वळणानंतर मी हे मोठ्याने म्हणते, ‘पिवळी डावीकडे’. एकटी असले तरी म्हणते. दुसरी गोष्ट वळणाची: उजवे वळण लहान, डावे वळण मोठे. आपल्याकडे डावीकडे वळणे सोपे आणि उजवीकडे वळताना समोरची वाहतूक ओलांडावी लागते. तिथे नेमके उलटे. डावे वळण घेताना समोरून सरळ येणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचे असते आणि त्यांच्या वेगाचा अंदाज उतारवयात चुकतो. बाणाचा हिरवा दिवा नसलेल्या चौकात डावीकडे वळण्याऐवजी पुढे जाऊन तीन उजवी वळणे घ्यावीत. पेट्रोल थोडे अधिक जाईल.

गाडीच्या आतही काही गोष्टी बदलतात, काही बदलत नाहीत. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर आहेत तिथेच असतात, ही मोठी कृपा. भारतातल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजवीकडे असते, तिथे ती डावीकडे. त्यामुळे वळताना आपण कोरड्या काचेवर वायपर फिरवतो. आरसा पाहायला नजर डावीकडे वर जाते, तो उजवीकडे असतो. गाडीचा मोठा भाग आता उजव्या हाताला असल्याने तिचा अंदाज येत नाही आणि नवखा चालक हळूहळू उजवीकडे सरकत कडेच्या गाड्यांना घासतो. सराव एखाद्या मोठ्या रिकाम्या वाहनतळावर करावा. मात्र तेवढ्यावर समाधान मानू नये, कारण तिथे बाजूच नसते. पिवळा-काळा स्कूलबसचा लाल दिवा लुकलुकू लागला की, मध्ये दुभाजक नसल्यास, दोन्ही दिशांच्या गाड्यांनी थांबायचे असते. आपल्याकडे ही पद्धत नसल्याने मुद्दाम सांगते. वेग मैलांत लिहिलेला असतो: ताशी ६५ मैल म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर.

औषधे, झोप आणि कागदपत्रे

महाराष्ट्र आणि न्यूयॉर्क यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो. शरीराला जुळवून घ्यायला साधारण तासाला एक दिवस धरावा. म्हणजे पहिले दहा दिवस स्टीअरिंगला हात लावू नये. या काळात तिथल्या दुपारी आपल्याला मध्यरात्रीची झोप येते.

झोप येत नाही म्हणून तिथल्या दुकानातून गोळी आणताना जपावे. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, नावापुढे ‘पीएम’ असे लिहिलेल्या वेदनाशामक गोळ्यांत बहुधा डायफेनहायड्रामाइन असते. त्याची गुंगी ज्येष्ठांत दुसऱ्या दिवशीही उरू शकते. सर्दीच्या जुन्या धाटणीच्या गोळ्या, झोपेच्या आणि चिंता कमी करण्याच्या गोळ्या यांचेही तेच. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांच्या जेवणाच्या वेळा विस्कटलेल्या असतात. साखर एकाएकी उतरली तर चालवणाऱ्याचा विचार आधी गढूळतो. निघण्यापूर्वी साखर तपासावी आणि ग्लुकोज हाताशी ठेवावे, डिकीत नव्हे. कोणती औषधे चालू असताना वाहन चालवू नये, हे आपल्या डॉक्टरांकडून निघण्यापूर्वीच विचारून, लिहून घ्यावे.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातच, आपल्या परिवहन कार्यालयातून काढावा लागतो. तो एक वर्ष चालतो, आणि मूळ परवाना जवळ असेल तरच त्याला अर्थ असतो. ज्या राज्यात जाणार तिथले नियम मुलांनी आधी पाहून ठेवावेत, आणि गाडीच्या विम्यात आपला समावेश आहे का हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. आरोग्यविम्यात पूर्वीच्या आजारांना बहुधा मर्यादा असतात, तीही वाचून पाहावी.

ज्यांना चालवणे जमणार नाही वा चालवू नये असे ठरले, त्यांच्या मुलांना एक विनंती. ‘तुम्हाला आता जमायचे नाही’ असे म्हणण्यापेक्षा पर्याय हातात द्या. पुष्कळ गावांत ज्येष्ठांसाठी नगरपालिकेची किंवा समाजकेंद्राची गाडी असते. तिची चौकशी करा. टॅक्सीचे अ‍ॅप त्यांच्या फोनवर घालून एकदा बरोबर जाऊन या आणि दुसऱ्यांदा त्यांना एकटे जाऊ द्या. आठवड्यातला एक दिवस त्यांच्या कामांसाठी पक्का ठेवा.

आणि परत आल्यावर? सहा महिने उजव्या बाजूची सवय केलेली असते. तीही तितक्या सहज जात नाही. मुंबईला पहाटे उतरल्यावर, झोप अपुरी असताना, विमानतळाबाहेर पहिला रस्ता ओलांडायचा असतो, आणि मान आधी डावीकडे वळते.